संध्याकाळी साडेसातची वीज

ठाण्यात वर्तकनगरला आमची सात मजली, दोन विंगांची गृहनिर्माण संस्था आहे आणि गेली काही वर्षे तिच्या सचिवपदाचे काम माझ्याकडे आहे. २०२४ मध्ये आम्ही गच्चीवर २० किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला ३ लाख ६० हजार रुपये आले. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचे सामाईक बिल पूर्वी तीस हजारांच्या आसपास यायचे, ते उन्हाळ्याच्या महिन्यांत स्थिर आकार आणि वर किरकोळ रक्कम एवढ्यावर आले. वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, ‘‘आता आपली लिफ्ट सूर्यावर चालते.’’ टाळ्या पडल्या. वॉटरप्रूफिंगची हमी कोण देणार, या एका प्रश्नावर ज्यांनी आधीच्या तीन सभा गाजवल्या होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सभा आटोपल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला मी गच्चीवर गेलो. साडेसात वाजले असतील. इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर शून्य दिसत होते. खाली दोन्ही लिफ्टसमोर माणसे उभी होती. ऑफिसातून परतलेली, क्लासहून आलेली, भाजीच्या पिशव्या घेतलेली. दिवसभरातल्या सर्वांत जास्त फेऱ्या लिफ्ट याच दोन तासांत मारते आणि याच दोन तासांत आमच्या गच्चीवरून एक युनिटही येत नाही. दुपारी आम्ही जास्तीची वीज महावितरणच्या तारांत सोडतो, रात्री तेवढीच परत घेतो आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करून बिल काढतो. वजाबाकी शून्य आली म्हणून रात्रीची वीज सूर्याची होत नाही. दुपारी सोडलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या इमारतीत किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात खर्च होऊन गेलेली असते. रात्री सातव्या मजल्यावर नेणारी वीज बव्हंशी कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या बॉयलरमधून आलेली असते.

भारताच्या ऊर्जा-संक्रमणाविषयी, म्हणजे कोळशाकडून स्वच्छ विजेकडे वळण्याविषयी, जे बोलले आणि छापले जाते, त्यातला बराचसा भाग आमच्या सभेतल्या टाळ्यांच्या जातीचा आहे. आपण या संक्रमणाचा हिशेब मेगावॅटमध्ये आणि वर्षाच्या बेरजेत मांडतो. तो तासांत मांडायला हवा, आणि सूर्य मावळल्यानंतरच्या चार-पाच तासांत तर हटकून मांडायला हवा. या मागणीत तांत्रिक काटेकोरपणापेक्षा अधिक काही आहे, कारण हिशेब कसा ठेवला जातो यावर पैसा कशावर खर्च होतो हे ठरते.

आधी देशाचे आकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांच्या, क्षमतेचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची असावी, हे २०३० साठी ठेवलेले लक्ष्य जून २०२५ अखेरच, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले गेले: सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३ गिगावॅट. ही कामगिरी खरोखरच मोठी आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २० गिगावॅट सौर वीज हे ध्येयसुद्धा धाडसाचे मानले गेले होते. सौर विजेचा दर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मात्र त्याच काळात देशात प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेतील कोळशाचा वाटा सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांच्या दरम्यान राहिला आणि २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. क्षमता निम्मी आणि वीज मात्र पाव, असे का, याचे उत्तर साधे आहे. एक मेगावॅटची सौर यंत्रणा आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण पंधरा ते सतरा लाख युनिट देते. एक मेगावॅटचे औष्णिक केंद्र रात्रंदिवस चालत असल्यामुळे साठ लाखांच्या आसपास देते. दोन्ही मेगावॅटच, पण एकाचा दिवस सहा-सात तासांचा आणि दुसऱ्याचा चोवीस तासांचा. ‘निम्मी क्षमता’ या मथळ्यात हा फरक दिसत नाही, आणि मथळे वाचणाऱ्यांत धोरण ठरवणारेही असतात.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली. तो उच्चांक दुपारचा होता, ऊन भरात होते आणि सौर विजेने त्या दिवशी चांगला हात दिला. खरी अडचण सूर्यास्तानंतर येते, जेव्हा सौर वीज तासाभरात शून्यावर येते आणि घरोघरचे दिवे, शेगड्या, एसी एकदम सुरू होतात. कोकणपट्टीतल्या दमट हवेत रात्री अकरालाही एसी बंद होत नाही, हे ठाणेकरांना सांगायला नको. या वेळेसाठी औष्णिक केंद्रे दिवसभर अर्ध्या ताकदीवर चालती ठेवावी लागतात, कारण कोळशाचा बॉयलर दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद करता येत नाही. वारंवार तापून-निवून त्याच्या नळ्यांचे धातू थकतात आणि फुटतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये औष्णिक संचांना ४० टक्के भारापर्यंत खाली येता यावे असा नियम केला, तो याच अडचणीसाठी. तो पाळायचा तर संचांत सुधारणा कराव्या लागतात, त्यांना खर्च येतो आणि तो खर्च कुणाच्या बिलात टाकायचा यावर अजून खल चालू आहे. कोळसा उद्याच बंद करा, असे मी म्हणत नाही. पुढची वीस वर्षे तरी त्याची गरज राहील. फक्त त्याने रात्रीचा राखणदार म्हणून राहावे की चोवीस तासांचा मालक म्हणून, हे आता ठरते आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक अशी एकत्रित खरेदी ठरवली. असे करार पाव शतकाचे असतात. घेतली नाही तरी विजेचे पैसे द्यायचे, या पद्धतीच्या कराराने काय होते हे दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या वेळी या राज्याने पुरेपूर अनुभवले आहे. तेव्हा नव्या औष्णिक करारात ‘किती मेगावॅट’ याआधी ‘कोणत्या तासांसाठी’ हे विचारले गेले पाहिजे.

संध्याकाळच्या प्रश्नाचे एक उत्तर ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात आहे आणि फारच थोड्या ठाणेकरांनी ते पाहिले आहे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालू आहे. वरचा जलाशय अकोले तालुक्यात घाटघरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. खालचा जलाशय कड्याखाली चोंढे गावाजवळ. मध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटचे दोन संच. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचे, गरज असते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, साधारण पाचवा हिस्सा वाटेत जातो. हा प्रकल्प आखला गेला तेव्हा रात्री उरणारी औष्णिक वीज वापरून पाणी चढवावे अशी कल्पना होती. आता दुपारची सौर वीज वापरून ते चढवता येते. यंत्र तेच राहते, फक्त वेळापत्रक उलटे होते. घाटमाथ्यावर असे आणखी अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. बॅटऱ्यांच्या किमतीही झपाट्याने उतरल्या. साठवणुकीसह सौर विजेचे दर २०२४ च्या अखेरीस युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आले, आणि २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने नव्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान दहा टक्के इतकी, दोन तासांची साठवणूक जोडण्याची सूचना केली. दहा टक्के आणि दोन तास म्हणजे संध्याकाळच्या मानाने चिमूटभरच. तरी निविदेत ‘तास’ हा शब्द आला, याचे मला महत्त्व वाटते.

मात्र घाटमाथ्याचा विषय निघाला की मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी कोळशाच्या वाफेऐवजी सह्याद्रीच्या पाण्याची वीज घ्यायला सुरुवात केली ती १९१५ मध्ये, खोपोलीचे केंद्र सुरू झाल्यावर. मग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. आजच्या भाषेत बोलायचे तर ते स्वच्छ ऊर्जेचे संक्रमणच होते, आणि त्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला तो विजेच्या विरोधात नव्हता. वीज मुंबईला आणि जमीन आमची, या व्यवहाराच्या विरोधात होता. शंभर वर्षांनंतर आपण राजस्थानच्या वाळवंटात आणि सह्याद्रीच्या पठारांवर जमीन घेताना तोच व्यवहार अधिक मोठ्या प्रमाणावर करतो आहोत. पठार ओसाड दिसते म्हणून ते कुणाचे नसते असे नाही. तिथे गुरे चरतात, पावसाचे पाणी मुरते, आणि माळावर माळढोकासारखे पक्षी अंडी घालतात. घाटमाथ्यावरच्या प्रत्येक जलाशयाला मी विरोध करणार नाही. ज्या गावाची जमीन जाते त्या गावाला एकरकमी मोबदल्याऐवजी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे हिस्सा मिळावा, एवढी अट मात्र प्रत्येक करारात असावी. हेच औष्णिक केंद्राच्या चंद्रपूरलाही लागू आहे. आमच्या एसीसाठी धूर त्या जिल्ह्याने सोसला. उद्या तिथले संच थांबतील तेव्हा तिथल्या रोजगाराची सोय ही ‘नंतर पाहू’ या सदरातली गोष्ट असू शकत नाही.

तारांबद्दल फार लिहीत नाही, कारण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ इथल्या लोकांच्या लक्षात आहे. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या मार्गावरची एक वाहिनी देखभालीसाठी बंद होती, दुसरीवर भार आला आणि ती कोसळली. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज तयार होती, ती आणायला पुरेशा वाटा नव्हत्या. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा या प्रदेशात आणखी १,००० मेगावॅट आणण्याची सोय झाली. राजस्थानात मात्र २०२५ मध्ये तयार सौर वीज वाहिन्यांअभावी बंद ठेवावी लागली. पॅनेल सहा महिन्यांत बसते, वाहिनीला पाच-सहा वर्षे लागतात. दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी केली की हेच होणार.

आता शहराकडे येतो. ऐरोलीपासून महापेपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याने गेले की जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागी खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती दिसतात. ही डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि अहोरात्र चालणाऱ्या संगणकांची कोठारे. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई महानगर प्रदेशात आहे, आणि त्यांना वीज दुपारी एकला लागते तितकीच पहाटे तीनलाही लागते. या व्यवसायात ‘शंभर टक्के हरित ऊर्जा’ हा दावा सर्रास केला जातो. तो खोटा नसतो, पण तो आमच्या गच्चीच्या बिलासारखा असतो: वर्षभरात जितकी युनिट वापरली तितकी कुठल्या तरी सौर किंवा पवन प्रकल्पातून विकत घेतली, एवढाच त्याचा अर्थ. वितरण कंपन्यांवरचे अक्षय ऊर्जा खरेदीचे बंधनही असेच आहे. २०२९-३० पर्यंत ते ४३.३३ टक्क्यांवर न्यायचे आहे, आणि तेही वर्षाच्या बेरजेवर मोजले जाते. दुपारी दोनचे स्वस्त युनिट आणि रात्री आठचे दुर्मीळ युनिट या बेरजेत सारखेच. मग रात्री आठचे युनिट स्वच्छ करण्यासाठी पदरचे पैसे कोण घालील? माझे म्हणणे असे की मोठ्या ग्राहकांनी, आधी डेटा सेंटर आणि मॉल यांनी, हरित विजेचा दावा तासागणिक हिशेबावरच करावा असा नियम व्हावा. मीटर पंधरा मिनिटांचा वापर नोंदवतोच. नोंद आहे, ती वाचायची इच्छा नाही.

घरगुती ग्राहकांबाबत मात्र मी सावध आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत दर दहा ते वीस टक्के कमी आणि जास्त मागणीच्या तासांत अधिक, अशी रचना सांगितली आहे. तत्त्वतः ती बरोबर आहे. पण नौपाड्यात नोकरीवरून सात वाजता घरी पोचणारी बाई मिक्सर आणि शेगडी दुपारी दोनला लावू शकत नाही, आणि तिच्या संध्याकाळच्या विजेचा दर वाढवला तर तिच्या सवयी बदलणार नाहीत, फक्त बिल वाढेल. सवलत सर्वांना द्यावी, जादा आकार मात्र ज्यांना वेळ बदलणे शक्य आहे त्यांच्यापासूनच सुरू करावा. असे पुष्कळ आहेत. टीएमटी आणि एनएमएमटी या ठाणे आणि नवी मुंबईच्या परिवहन सेवांच्या विजेवरच्या बस रात्री आगारात चार्ज होतात; दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी आळीपाळीने अर्धा-पाऊण तास चार्ज केल्या तर रात्रीचा भार हलका होईल. महापालिकांचे पाणी उपसणारे पंप, शीतगृहे, मोठ्या कार्यालयांची वातानुकूलन यंत्रणा हे सगळे सकाळी अकरा ते चारमध्ये सरकू शकते.

ग्रामीण महाराष्ट्राने हे आधीच करून दाखवायला घेतले आहे आणि शहरांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. वर्षानुवर्षे शेतीपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळायची, कारण रात्री औष्णिक वीज उरायची. शेतकरी साप-बिबट्याच्या भीतीत दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ पासूनचा दुसरा टप्पा शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणून हे सिंचन दिवसा नेतो. त्यात बॅटरी लागत नाही. पाणी दिवसा शेतात पोचले की विजेचे काम झालेले असते, ती साठवण्याचा प्रश्नच उरत नाही. साठवणुकीचा सर्वांत स्वस्त प्रकार हा आहे, आणि तो शोधायला परदेशी सल्लागार लागला नाही. या योजनेतही जमीन मिळण्यात आणि उपकेंद्रांच्या क्षमतेत अडथळे आहेत. पण दिशा निःसंशय बरोबर आहे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच. जुलैमध्ये आमच्या गच्चीवरचे उत्पादन निम्म्यावर येते. तीन महिने ढग हटत नाहीत. नेमक्या याच महिन्यांत साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर आणि धुळ्याच्या साक्री भागात वारा जोरात असतो. सौर आणि पवन ही जोडी महाराष्ट्राला निसर्गाने दिली आहे, पण गेल्या दहा वर्षांत सगळा जोर सौरवर राहिला, कारण ते लवकर होते आणि स्वस्त दिसते. साताऱ्याच्या सर्वांत जुन्या पवनचक्क्या उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून छोट्या यंत्रांनी थोडी वीज काढत आहेत. त्यांच्या जागी नव्या, मोठ्या पवनचक्क्या उभारण्यासाठी केंद्राचे २०२३ चे धोरण आहे. नवी जमीनही फारशी लागत नाही. मेगावॅटच्या स्पर्धेत हे काम मागे पडते. तासांचा आणि ऋतूंचा हिशेब ठेवला तर ते पहिल्या पानावर येईल.

आमच्या संस्थेतही मी आता तासांचा हिशेब ठेवू लागलो आहे. महापालिकेचे पाणी पहाटे खालच्या टाकीत येते. पंप सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला चालायचा, कारण तो तसाच पूर्वापार चालत आला होता. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळची पाळी दुपारी साडेबारावर आणली. गच्चीवरचे पॅनेल पंपाला थेट वीज देते आणि वरच्या टाकीतले पाणी संध्याकाळभर आपोआप खाली येते. घाटघरचाच प्रकार, फक्त सात मजल्यांचा. पण वरची टाकी लहान असल्याने रात्री साडेनऊच्या सुमारास बी विंगच्या वरच्या मजल्यांवर पाणी कमी होते आणि फोन माझ्याकडे येतो. दहा हजार लिटरची आणखी एक टाकी बसवण्याचा ठराव पुढच्या सभेपुढे आहे. स्लॅब तो भार पेलेल का, हे पाहायला स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले आहे.